चित्त्याच्या माळावर पाहुणे

आफ्रिकेतला चित्ता पाहायला कोल्हापूरकराला एके काळी नैरोबीचं विमान गाठावं लागत नव्हतं. चित्ताच कोल्हापुरात होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातला मूळचा चित्ता दुर्मीळ होत गेला, तेव्हा चित्त्याकडून काळवीट धरवण्याचा शौक असलेल्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. कोल्हापूर आणि भावनगर ही त्यांतली ठळक नावं. चित्त्याच्या भारतातल्या इतिहासाचे अभ्यासक दिव्यभानुसिंह यांनी जमवलेल्या नोंदी सांगतात की १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे २०० चित्ते देशात आले. ते जनावर चित्तेवानाच्या हाती जायचं, माणसांच्या गजबजाटाला सरावेपर्यंत बांधून ठेवलं जायचं, डोळे झाकून गाडीवरून माळावर नेलं जायचं आणि काळविटांचा कळप टप्प्यात आला की डोळे उघडून सोडलं जायचं. चित्तेवानांचं कसब मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही. रानातलं पूर्ण वाढलेलं जनावर माणसाच्या हाकेला परत येईल इतकं माणसाळवायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आज न्यू पॅलेसच्या वस्तुसंग्रहालयात पेंढा भरून ठेवलेली जनावरं पाहताना आपल्याला त्या काळाचा शिकारीचा भाग दिसतो. पण माझ्या मते त्याहून जास्त विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे ही जिवंत, हुकमी जनावरं. सांगू तेव्हा, सांगू तिथे, सांगू त्यांच्यासमोर धावणारा चित्ता.

विचार करायला लावणारी अशासाठी, की या शौकाची किंमत रान भरत होतं आणि ती दरबारात कुणाला दिसत नव्हती. चित्ता कैदेत सहजासहजी वीत नाही. आपल्या वडिलांनी, म्हणजे अकबराने, हजार चित्ते जमवले होते आणि त्यांची पैदास व्हावी अशी त्यांची फार इच्छा होती, पण ते जमलं नाही, असं जहांगीर लिहितो. मुघल दरबारातल्या एवढ्या चित्त्यांत पिल्लं झाल्याची नोंद एकदाच, जहांगीरच्या काळात सापडते. त्यानंतरची बंदिवासातली नोंद थेट १९५६ मधली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. याचा अर्थ असा, की दरबारात आलेला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला होता, आणि तोही मोठा झाल्यावर, कारण आईकडून शिकार न शिकलेलं पिल्लू या कामाला उपयोगी नसतं. शतकानुशतकं हा उपसा चालला. सोबत माळ नांगरले गेले, काळवीट घटलं, बक्षिसासाठी आणि हौसेसाठी गोळ्याही चालल्या. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारलेले तीन चित्ते हे भारतातले शेवटचे मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारनेच जाहीर केलं. कोणी ठरवून संपवला नाही. प्रत्येकाला फक्त आपापले चित्ते हवे होते.

आता त्याच कोल्हापुरातून एखादं जोडपं केनियातल्या मसाई माराला निघतं. राजवाड्यातलं नव्हे. तो साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत छोटं युनिट चालवणारा. ती शाळेतून निवृत्त झालेली, किंवा आयुष्यभर घर आणि सासर-माहेर दोन्ही सांभाळलेली. घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं, लग्नं, आई-वडिलांची आजारपणं या सगळ्यांच्या मागे ही सहल रांगेत उभी राहिलेली असते. दोघांचे मिळून कित्येक लाख लागतात आणि ते भिशीतून, मुदत ठेवीतून, भविष्यनिर्वाह निधीच्या शेवटच्या रकमेतून बाजूला काढलेले असतात. शिवाय आफ्रिकेची तयारी दुबई-सिंगापूरसारखी नसते. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात जाऊन घ्यावी लागते, आणि साठीपुढच्या माणसाला ती द्यावी की नाही, याचा डॉक्टरला वेगळा विचार करावा लागतो. एवढं सगळं करून जो माणूस निघतो, त्याला ऐष करणारा म्हणणं अन्यायाचं आहे. माणसाने जनावर आपल्या दारी बांधून आणायचं, इथपासून माणसाने पैसे साठवून जनावराच्या दारी जायचं, इथपर्यंत आपण शंभर वर्षांत आलो. हा बदल फार मोठा आहे आणि तो एखाद्या राजाने नव्हे, अशा हजारो साध्या जोडप्यांनी घडवला आहे. माझं म्हणणं एवढंच, की हा बदल अजून अर्धाच झाला आहे. आपण दारापर्यंत पोचलो, पण दरबाराची सवय सोबत घेऊन.

ती सवय म्हणजे ‘दिसलंच पाहिजे’. जितकी जास्त वर्षं वाट पाहिली, तितका हा हट्ट पक्का होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पुन्हा येणं होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. सहलीचा आराखडाही तसाच आखलेला असतो: नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि शेवटी माराला दोन किंवा तीन मुक्काम. या दोन-तीन दिवसांत सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा आणि चित्ता हे सगळे दिसावेत अशी अपेक्षा धरून गाडी सुटते. चालक एकमेकांशी रेडिओवर बोलत असतात. एकाला चित्ता दिसला की थोड्याच वेळात गाड्यांचं कोंडाळं होतं. गाडीतून कुणी खाली उतरत नाही, कुणी दगड मारत नाही, सगळे नुसते बघत असतात आणि फोटो काढत असतात. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते मोजलेलं आहे. संशोधक फेम्के ब्रूकहाउस यांनी मारामधल्या चित्त्यांचा काही वर्षं अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिथे पर्यटकांची वर्दळ कमी, तिथल्या माद्यांनी स्वतंत्र होईपर्यंत वाढवलेली पिल्लं सरासरी २.३. जिथे वर्दळ जास्त, तिथे सरासरी ०.२. हा आकडा सावकाश वाचावा असा आहे. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या फेरीच्या वेळी. सिंह आणि तरसांपासून तो दबून असतो. धावून दमला की त्याला श्वास सावरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शिकार हातची जाऊ शकते. गाड्यांच्या गराड्यात शिकारीचे प्रयत्न फसतात, खाणं अर्धवट टाकून निघून जावं लागतं, पिल्लं उपाशी राहतात किंवा आईपासून तुटतात. दरबाराने चित्ता रानातून उचलला, म्हणून त्याची पुढची पिढी झाली नाही. आपण त्याला रानातच ठेवला, पण भोवती एवढी दाटी केली की पुढची पिढी तिथेही उभी राहत नाही. पद्धती वेगळ्या आहेत, हे मान्य. हेतूत तर जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण पिल्लाच्या दृष्टीने हिशेब फारसा बदललेला नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो खराही आहे: दोष चालकाचा, कंपनीचा, तिथल्या व्यवस्थेचा. कोल्हापूरहून पहिल्यांदाच गेलेल्या जोडप्याला किती अंतर राखावं हे कसं कळावं? नियम तर तिथे आहेतच. एका जनावराजवळ किती गाड्या असाव्यात, किती दूर थांबावं, वाट सोडून गवतात शिरू नये, हे लिहिलेलं आहे. ते पाळलं जात नसेल तर व्यवस्थेने पाहावं. पण चालक नियम कुणासाठी मोडतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. तो स्वतःच्या हौसेसाठी चित्त्याच्या अंगावर गाडी घालत नाही. मागच्या बाकावरून ‘जरा अजून पुढे’ असा आवाज येतो, आणि दिवसाअखेरची बक्षिसी त्या आवाजावर अवलंबून असते. लांबून दाखवलं म्हणून पाहुणे खट्टू झाले, कंपनीकडे तक्रार गेली, तर पुढच्या हंगामात काम मिळेल का, ही धास्ती त्याला असते. म्हणून त्या गाडीत सर्वांत जास्त अधिकार चालकाचा नसून पैसे भरलेल्या माणसाचा आहे. ‘गाडी मागे घ्या, आम्हाला इथूनच चालेल’, हे वाक्य चालकाला नोकरीची काळजी न करता नियम पाळू देतं. तेच वाक्य सुटाबुटातल्या अधिकाऱ्याने चौकीवर बसून म्हटलं, तर त्यात तेवढा जोर नाही. एक बोलला आणि दुसऱ्याने मान डोलावली तर ते लगेच ठरतं. जोडप्याने जाण्याचा हा एक मोठा फायदा आहे, आणि मला तो फोटोंपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पर्यटकांच्या पैशावरच ते रान टिकून आहे, मग त्यांच्यावर बंधनं घालून रान कसं टिकेल? यातला पहिला भाग निर्विवाद आहे. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, त्यानंतर वन्यजीवांवर मिळणारा पैसा हा मुख्यतः पाहणाऱ्यांचा पैसा आहे. मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. गेल्या वीसेक वर्षांत या कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटक निवासांच्या मालकांना भाड्याने दिल्या आणि त्यातून खासगी संवर्धन क्षेत्रं उभी राहिली. नाबोइशो, ओल किन्येई ही त्यांतली काही नावं. कुटुंबाला दरमहा भाडं मिळतं, म्हणून ते कुंपण घालत नाही, जमीन नांगरत नाही. गुरं ठरावीक रीतीने चरतात आणि हत्तींना, सिंहांना वाट मोकळी राहते. २०२० मध्ये महामारीने पर्यटक थांबले तेव्हा हे भाडं देणं कठीण झालं, काही ठिकाणी ते कमी करावं लागलं. म्हणजे जोडप्याचा पैसा तिथल्या घराच्या चुलीपर्यंत पोचतो हे खरं. पण नेमकी हीच क्षेत्रं या आक्षेपाचं उत्तरही देतात. तिथे किती खाटा असाव्यात याला मर्यादा आहे, एका जनावराजवळ मोजक्याच गाड्या सोडतात, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, लोक जास्त पैसे मोजून तिथे जातात. बंधनाने पैसा आटत नाही, हे तिथे सिद्ध झालेलं आहे. मसाईंचा इतिहास मात्र या सगळ्यात विसरू नये. १९५९ मध्ये त्यांना सेरेंगेटीतून उठवून गोरोंगोरोकडे हलवण्यात आलं. माणूसच नसलेलं आदिम रान म्हणून जे आपल्याला दाखवलं जातं, ते काही ठिकाणी माणसं हटवून मोकळं केलेलं आहे. चांदोलीच्या विस्थापितांचा लढा पाहिलेल्या आपल्या भागाला हे समजावून सांगायला नको.

तिसरा आक्षेप कोल्हापुरात हमखास ऐकू येणारा: दाजीपूर सोडून आफ्रिकेला कशाला? संस्थानच्या या शिकारीच्या रानाला १९५८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं ते पहिलं. पुढे वाढत वाढत राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं. मग घरचं सोडून एवढ्या लांब जायचं कारण काय? मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. दाजीपूर हे माराचं स्वस्तातलं बदली रान नव्हे. तिथे दाट झाडी आहे, गवा दहा पावलांवर उभा असला तरी दिसत नाही, फांद्या मोडल्याचा आवाज येतो आणि तेवढ्यावर समाधान मानावं लागतं. म्हणूनच ती आफ्रिकेला निघण्यापूर्वीची उत्तम शाळा आहे. ज्याला दाजीपुरात गवा न दिसता परत येणं जमलं, त्याला मारामध्ये चित्त्याला त्याच्या वाटेने जाऊ देणं अवघड जाणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिलं ते रानात मुक्काम ठोकून, कान आणि डोळे उघडे ठेवून. आपल्याकडे ही परंपरा आहे, ती उसनी आणायची गरज नाही.

शाळा लागतेच, कारण घराजवळचं जनावर समोर आलं की आपण कसे वागतो तेही आपण पाहिलेलं आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडमध्ये एक गवा शिरला. कित्येक तास माणसं त्याच्या मागे-पुढे धावत होती, गच्च्यांवरून आरडाओरड चालली होती, मोबाइल उंचावलेले होते. पकडल्यावर काही वेळातच तो मेला. पुढच्या वर्षी डिसेंबरात गवे कोल्हापूर शहराच्या वेशीशी आले, आणि भुयेवाडीत गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. २०२५ च्या जुलैअखेर नांदणीच्या जैन मठातली महादेवी, म्हणजे सगळ्यांची माधुरी हत्तीण, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेली, तेव्हा हजारो लोक तिच्यासाठी नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आले. त्या माणसांच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. हत्तिणीच्या प्रकृतीसाठी कोणती जागा योग्य, हा वेगळा आणि जाणकारांचा प्रश्न आहे. पण जनावरावर प्रेम करायचं म्हणजे ते आपल्याजवळ, आपल्या हाताला लागेल असं असायला हवं, ही कोल्हापूरची जुनी धारणा त्या प्रसंगात पुन्हा दिसली. जे कधीच आपलं होणार नाही, आपल्याला ओळखणार नाही, आपण आलो-गेलो याची ज्याला खबरही नसेल, अशा जनावरावर प्रेम करायला वेगळी तालीम लागते. आफ्रिकेतला माळ ही तालीम देतो.

आणि तो माळ आहे, जंगल नव्हे, हे कोल्हापूरकराच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही. गुडघाभर गवत, दूरवर एखादं काटेरी झाड, गुरं चारणारा गुराखी आणि त्याच्याच नजरेच्या टप्प्यात हरणांचे कळप. ज्या माळावर चित्त्याला काळविटामागे सोडत, तो माळ असाच होता. आपल्याकडे मोकळ्या गवताळ जमिनीला पडीक म्हणायची महसुली सवय आहे. पाणी आलं की तिथे ऊस, रस्ता आला की प्लॉट. दाजीपूरचं झाडीचं रान वाचवण्यासारखं आहे हे आता सगळ्यांना पटतं, पण उघड्या माळावर वाचवण्यासारखं काय आहे, हे पटत नाही, कारण भरलेला माळ पाहिलेली पिढी राहिली नाही. सेरेंगेटी आणि मारा मिळून सुमारे १३ लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत दोनेक लाख झेब्रे दरवर्षी गवताच्या मागे फिरतात, ते सगळं पडीक जमिनीवर. हे डोळ्यांनी पाहिलेलं जोडपं परत येऊन माणदेशातल्या धनगराच्या मेंढ्यांकडे, गवतातल्या लांडग्याकडे, गायरानाच्या वादाकडे वेगळ्या नजरेने पाहू शकतं. एवढ्याचसाठी मी म्हणेन की जा, अवश्य जा.

विमानाच्या धुराचा आक्षेप उरतो, आणि तो पूर्ण खोडून काढता येत नाही. मुंबई-नैरोबी साधारण सहा तासांचा प्रवास आहे आणि त्याचं ओझं वातावरणावर पडतंच. त्याला प्रामाणिक उत्तर एकच: आयुष्यात एकदा जायचं असेल तर ते एकदाचं जाणं पातळ करू नये. पाच अभयारण्यांना धावती भेट देण्यापेक्षा एकाच ठिकाणी पाच-सहा रात्री राहावं. मग पहिल्या दिवशी चित्ता दिसला नाही तर काही बुडत नाही, ‘जरा अजून पुढे’ म्हणायची घाई राहत नाही, आणि दुर्बिणीतून लांबचं पाहायला डोळे सरावतात. वाट पाहण्याची वर्षं या दोघांनी घरी काढलेलीच आहेत. तो गुण विमानतळावर टाकून न देता आत न्यायचा आहे, इतकंच.

हंगामाचंही तसंच. सगळ्यांना जुलै ते ऑक्टोबर हवा असतो, कारण तेव्हा विल्डबीस्ट नदी ओलांडतात. २०२४ पासून मारा राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क परदेशी पाहुण्याला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर आहे. मोठे कळप जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेला सेरेंगेटीकडे विण्यासाठी गेलेले असतात, हे खरं. पण मारातले सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते कुठे जात नाहीत, आणि गाड्या बऱ्याच कमी असतात. शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या कुटुंबाला हे जमत नाही. निवृत्त जोडप्याला जमतं. पन्नाशी-साठी उलटेपर्यंत थांबल्यामुळे त्यांना हीच एक गोष्ट भरपूर मिळाली आहे: वर्षातला हवा तो महिना. शाहूपुरीतल्या प्रवास कंपनीच्या टेबलाशी बसल्यावर ‘बिबट्या नक्की दिसेल ना’ हे विचारायच्या आधी ‘फेब्रुवारीत नेता का, आणि तुमच्या मुक्कामी एका जनावरापाशी किती गाड्या सोडतात’ हे विचारलं, तर समोरच्याला पहिल्यांदा उत्तर येणार नाही. दहाव्या जोडप्याने विचारलं की तो नैरोबीला फोन लावून विचारून ठेवेल.